रिकाम्या हाताचे सतरा ग्रॅम

मरोळ, ता. ६ जानेवारी १९८७

अनुपमा,

वर 'चि.' लिहिलेलं नाही आणि खाली आशीर्वादही नसतील. विसरलो असं समजू नकोस. मी काय विसरतो आणि काय नाही ते तुला ठाऊक आहे.

यंत्र मिळालं. बोरिवलीच्या एस.टी. डेपोत जाऊन मी स्वतः सोडवून आणलं. गोणपाटाला सुतळीच्या तीन गाठी, त्यातल्या दोन सैल. प्रवासात पितळी हाताखाली लाकडी ठोकळा ठेवायचा, हे तुला बजावून सांगितलं होतं. ठोकळा नव्हता. होती ती तुझी चिठ्ठी: 'काटा शून्यावर येत नाही. तुमच्याकडे ठेवा. परत पाठवू नका.' नऊ शब्द. 'बाबा' त्यात कुठे नाही.

दिवाळीला आली नाहीस. तुझ्या आईने तुझ्या वाटणीच्या करंज्या डब्यात घालून फळीवर ठेवल्या आहेत. आता त्यांना वास मारतो, तरी टाकू देत नाही. ऑक्टोबरात मी एक पोस्टकार्ड टाकलं, त्याचा एवढा राग? बाप आहे मी. दोन शब्द कडक लिहिले असतील.

अकरा रविवार घातले मी त्या यंत्रावर. का, तर तूच पंच्याऐंशीच्या गणपतीला आलीस तेव्हा सांगत होतीस की वाऱ्यापावसाने भात आडवं झालं की तुमच्या कॉलेजातले मास्तर बांधावर उभे राहून डोळ्यांनी ठरवतात, ही जात टणक, ती जात मऊ. मला ते ऐकवेना. भाताची काडी म्हणजे पोकळ शाफ्ट. तिला वाकवायला किती जोर लागतो हे ग्रॅममध्ये सांगता आलं पाहिजे. म्हणून यंत्र केलं. काडीच्या बुडापासून वीस सेंटिमीटरवर पितळी हात टेकवायचा, मूठ दाबत जायची, काडी पंचेचाळीस अंशांत कलली की काटा वाचायचा. एवढं सोपं करून दिलं, तेही तुला जमलं नाही.

तुझ्या सरांना मात्र जमलं. डॉ. नंदकिशोर सबनीस यांचं पत्र परवा आलं. इंग्रजीत, टाइप केलेलं. मी डिक्शनरीशिवाय वाचलं, दोनच शब्द अडले. ते लिहितात की तुमच्या यंत्राने सिद्ध झालं, लवकर पिकणाऱ्या हळव्या भातापेक्षा उशिरा पिकणारी 'गरवा १७' ही जात कितीतरी टणक आहे. तिला दुप्पट युरिया घातला तरी ती आडवी होणार नाही. वीस फेब्रुवारीला समितीपुढे शिफारस जाणार, आणि येत्या पावसाळ्यात तीन तालुक्यांत बियाणं वाटणार. शिवाय अशीच पाच यंत्रं आणखी हवीत, प्रत्येकावर माझ्या नावाची पट्टी. ज्याला कळतं त्याला कळतं.

काटा शून्यावर येत नाही म्हणे. मी ते उघडूनही बघणार नाही.

काशीराम धाकू गोताड


मरोळ, ता. ११ जानेवारी

अनुपमा,

उघडलं.

समोर काडी नाही, काही नाही, नुसता हात ढकलला. काटा सतरावर. दहा वेळा ढकलला. सतरा, सतरा, साडेसोळा, सतरा, अशी सगळी ओळ वहीत मांडून ठेवली आहे. हाताला अडवायला समोर हवेशिवाय काही नाही आणि तबकडी म्हणते सतरा ग्रॅम.

सांध्यावरचं लाखेचं सील मीच लावलं होतं, मीच फोडलं. ते तुझ्याकडून फुटलेलं नव्हतं हे इथे नमूद करतो. आत बघितलं आणि माझं डोकं फिरलं. बेअरिंगमध्ये सहा गोळ्या आहेत, त्यातल्या दोन जागच्या हलत नाहीत. मध्ये लाल गाळ. नखाने खरवडून बोटावर घेतला, वास घेतला. खोबरेल तेलात कालवलेलं कुंकू! वर सील शाबूत, आणि बाजूच्या फटीतून ते मुरत मुरत आत उतरलेलं.

कुणी केला हा प्रकार? फार्मवरच्या लावणीच्या बायकांनी? त्या धोंडिराम गड्याने, जो नांगरालाही नमस्कार करतो? शेतीची एवढी मोठी परीक्षा द्यायला निघालेली मुलगी तिथे उभी असताना यंत्राच्या सांध्यात कुंकू भरलं जातं आणि ती बघत राहते? आठ वर्षांची होतीस तेव्हा पवईच्या तळ्याकाठून लव्हाळ्याच्या काड्या आणून आपण त्यांना वजनं टांगायचो. सारख्या वजनाच्या दोन काड्यांत जाड आणि पोकळ असते ती उशिरा वाकते, हे तू स्वतः शोधून काढलंस आणि चाळभर सांगत फिरलीस. ती पोर कुठे गेली?

मला नाव कळलं पाहिजे. उलट टपाली कळव.


मरोळ, ता. २५ जानेवारी

अनुपमा,

तुझं उत्तर आलं नाही. बरं झालं.

शेजारच्या गाळ्यातला ग्राइंडिंगवाला शिवदास तुला आठवतो. त्याच्या चाकातून ठिणग्या उडायच्या म्हणून तू त्याला ठिणगीकाका म्हणायचीस. मी बेअरिंग कागदावर काढून बसलो होतो तर तो चहा घेऊन आला.

"काश्या, कुंकू कुणाचं रे हे?"

"तेच शोधतोय."

"घरात आरसा आहे ना?"

"शिवदास, डोकं खाऊ नको."

"मी कशाला खाऊ? आमच्या गाळ्यात बेअरिंगला ग्रीस लावतात, यार. कुंकू लावत नाहीत. म्हणून आमची चाकं फिरतात." आणि वर हसला. दोन दिवस मी त्याच्याशी बोललो नाही. तो मात्र दोन्ही दिवस चहा आणत राहिला.

तिसऱ्या दिवशी जेवायला बसलो होतो. फार्मवरच्या बायकांच्या नावाने माझं चालू होतं. तुझ्या आईने भाताचं पातेलं खाली ठेवलं आणि म्हणाली, "खंडेनवमीला माझी कुंकवाची डबी तुम्ही घेऊन गेला होतात. भरलेली नेलीत, अर्धी आणलीत."

मी म्हणालो, "सोनू, तुला यातलं कळत नाही."

"पोरीचं पत्र कपाटात तुमच्या खाकी शर्टाखाली आहे. मी वाचलंय."

"तू? वाचलंस?"

"तीन वर्षं साक्षरतेच्या वर्गाला जाते मी. तुम्ही कधी विचारलंत कुठे जाते म्हणून?"

मी ताटावरून उठलो. राग कुणाचा आला ते मला सांगता येणार नाही. तिचा आला, शिवदासचा आला, तुझा आला. मग कपाट उघडलं आणि तुझं वीस ऑक्टोबरचं पत्र पुन्हा वाचलं. पुन्हा म्हणतो, कारण त्यात काय आहे हे मागचं पत्र लिहिताना मला पुरतं माहीत होतं.

आता लिहितो ते नीट लिहितो. मी खंडेनवमीला पेढे घेऊन तुमच्या फार्मवर आलो. हळव्या भाताची मोजणी तेव्हा संपली होती, गरव्याची दुसऱ्या दिवसापासून सुरू व्हायची होती. तीस वर्षं मी त्या दिवशी लेथची पूजा करत आलो, आणि हे तर माझं स्वतःचं यंत्र. सबनीस सर उभे, गडीमाणसं उभी. मी हार घातला आणि तेलात कालवलेलं कुंकू अंगठ्याने लावलं. कपाळ म्हणून मला सांध्याचीच जागा सापडली. तू म्हणालीस, "बाबा, तिथे नको, खाली बेअरिंग आहे." आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, "आता तू मला बेअरिंग शिकवणार?" लोक हसले. तू बांधावरून खाली उतरलीस.

आठ दिवसांनी तुझं पत्र आलं. रिकाम्या हाताला काटा आठ दाखवतो, कुंकवामुळे असेल का, सील फोडून बेअरिंग रॉकेलने धुऊ का. एवढंच विचारलं होतंस. मी कार्ड लिहिलं. काय लिहिलं ते माझ्याकडे नाही, पण मला पाठ आहे: 'यंत्रात दोष नाही. दोष हाताचा. सीलला हात लावशील तर खबरदार. रिकाम्या हाताचा काटा मांडत बसू नये. झेपत नसेल तर सरांना सांग, दुसरा विद्यार्थी बघतील.' पाकीट घरात होतं. तरी कार्डावर लिहिलं, तेही कॉलेजच्या पत्त्यावर, म्हणजे पोस्टमनपासून शिपायापर्यंत सगळ्यांनी वाचावं.

मी आधी हिशेब केला की दसऱ्यानंतरच्या प्रत्येक आकड्यातून तेवढं वजा केलं की झालं. पण वजा किती करायचं? वीस ऑक्टोबरला आठ होते, आज सतरा आहेत. तेल दिवसेंदिवस चिकट होत गेलं. मधल्या काळात कुठल्या दिवशी किती होते हे फक्त रोजच्या नोंदीवरून कळलं असतं. ती नोंद मीच बंद करायला लावली. तू मोजलेला हळवा सरासरी चौसष्ट ग्रॅम, गरवा एकोणऐंशी. पंधराचा फरक. तो भाताचा असेल किंवा माझ्या कुंकवाचा. कुणालाही सांगता येणार नाही. मलासुद्धा.

आज सबनीस सरांना रजिस्टरने हे सगळं कळवलं आहे.


मरोळ, ता. ८ फेब्रुवारी

अनुपमा,

एकाच दिवशी दोन पत्रं आली, तुझं आणि तुझ्या सरांचं.

तुझं आधी वाचलं. 'मी हे सगळं सरांना नोव्हेंबरातच सांगितलं होतं. त्यांनी तुमचं कार्ड दाखवलं. मी तुमच्याकडे काही मागत नाही.' पुन्हा मोजके शब्द. हा हट्ट कुणाकडून घेतलास ते विचारत नाही.

मग सरांचं. ते लिहितात की गोताडजी, तुमचं ऑक्टोबरचं पोस्टकार्ड आम्ही फाइलला लावलेलं आहे. ज्याने यंत्र बनवलं त्यानेच दोष नाही असं लिहून दिल्यावर विद्यार्थिनीच्या शंकेला जागा राहत नाही. तुम्ही आता मुलीच्या प्रेमापोटी स्वतःकडे दोष घेत आहात, ते आम्ही समजू शकतो. पाच यंत्रांची ऑर्डर कायम आहे.

मुलीच्या प्रेमापोटी! मी हे वाक्य शिवदासला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "काश्या, तू आयुष्यात एकदा खरं बोललास तर लोक म्हणतात प्रेमात आहे. वाट लागली तुझी."

मी हसलो नाही. मला त्या माणसाच्या टायपाचा, त्याच्या 'समजू शकतो'चा इतका संताप आला की हातातला कप फुटला. माझं कार्ड, बापाने मुलीला दिलेली शिवी, ते सर्टिफिकेट म्हणून फाइलला! आणि त्या सर्टिफिकेटवर उद्या माणसं खाचरात दुप्पट युरिया ओतणार. काडी उंच होणार, लोंबी जड होणार, आणि बूड जर टणक नसलंच तर ऑक्टोबरातल्या एका वाऱ्यात सगळं चिखलात. माझी आई आडवं झालेलं भात चार-चार चूड, म्हणजे रोपांचे झुबके, एकत्र बांधून उभं करायची. तोवर पाण्यात पडलेल्या दाण्यांना मोड आलेले असायचे. मी गाव सोडून मुंबईला आलो त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट आहे ही. तुला कधी सांगितली नाही.

तू काही मागत नाहीस, ठीक. मीही तुला काही द्यायला येत नाही. माझ्या सहीचं एक खोटं कार्ड सरकारी फाइलमध्ये आहे, ते काढायला येतो. वीस तारखेला सकाळी पोचेन. बेअरिंग धुतलेलं नाही. कुंकू आहे तसं ठेवून सांधा परत जोडला आहे, कारण धुऊन नेलं तर माझा शब्द आणि माझं कार्ड एवढंच उरेल, आणि कार्ड आधीचं आहे.

ठोकळा ठेवूनच आणीन.


मरोळ, ता. २३ फेब्रुवारी

अनुपमा,

खोलीत तू होतीस, पण भिंतीजवळ, खाली बघत. तेव्हा माझ्या जागेवरून काय दिसलं ते लिहितो.

सात माणसं. टेबलावर हिरवं कापड. तुझ्या सरांनी तक्ता टांगला, चौसष्ट आणि एकोणऐंशी, लाल खडूने. मला बोलायची परवानगी अध्यक्षांनी दिली, सरांनी नाही. मी उभा राहिलो तर पहिला प्रश्न, "गोताड, तुमचं शिक्षण?"

"सातवी."

कुणीतरी हसलं. तपकिरी कोटवाला. त्याचा चेहरा मी लक्षात ठेवला आहे.

"मग ऑक्टोबरात तुम्ही छातीठोक लिहून दिलंत ते खरं, की आज सांगताय ते?"

"ऑक्टोबरात मी यंत्र न बघता लिहिलं. आज बघून सांगतोय."

"आणि तेव्हा न बघता का लिहिलंत?"

याचं उत्तर मी पाठ करून आलो नव्हतो. मी म्हणालो, "मुलीने माझी चूक काढली म्हणून." त्या वेळी तू वर बघितलंस. मी तुझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर पुढचं बोलता आलं नसतं.

मग यंत्र टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, समोर काडी नाही, प्रत्येकाने मूठ दाबून बघावी. कोटवाल्याचे सतरा आले. पुढच्या दोघांचे सतरा. अध्यक्षांचे अठरा, त्यांनी घाईने दाबलं. मी तिथेच सांधा उघडला आणि पांढऱ्या कागदावर तो लाल गाळ काढून ठेवला. म्हटलं, "हे कुंकू माझं. अंगठा माझा. हिने त्याच वेळी नको म्हटलं होतं आणि आठ दिवसांनी लेखी कळवलं होतं. हे तिचं पत्र." तुझं पत्र त्यांना दिलं. खाकी शर्टाखालून काढून आणलेलं, घडीवर डाग आहे, त्याबद्दल बोलू नकोस.

सबनीस सर म्हणाले, "सतरा ग्रॅमने काय आभाळ कोसळणार आहे?"

"आभाळ नाही साहेब, भात आडवं होईल."

पुढचं तुला माहीत आहे. शिफारस थांबली. गरवा १७ येत्या पावसाळ्यात पुन्हा लावायचा, पुन्हा मोजायचा. तोवर तीन तालुक्यांत बियाणं जाणार नाही. पाच यंत्रं नकोत, हे सरांनी मला व्हरांड्यात चपला घालताना सांगितलं. आणि तुला माझ्यासमोर म्हणाले, "तुझं एक वर्ष तुझ्या वडिलांनी खाल्लं."

तू म्हणालीस, "सर, वर्ष दसऱ्यालाच गेलं होतं. कळलं आज."

त्या माणसाच्या थोबाडाकडे बघण्यासाठी मी पुन्हा तेवढा प्रवास करीन.

मग तू मला विचारलंस, "जेवलात?" मी हो म्हणालो. तू म्हणालीस, "खोटं. रात्रीची गाडी सकाळी पोचली, तेव्हापासून आत बोलावेपर्यंत तुम्ही या बाकावरून उठला नव्हतात." आणि कँटीनमधून उसळपाव आणून माझ्यापुढे ठेवलास आणि बियाणं तोलायला निघून गेलीस. खाऊन झाल्यावर मी अर्धा तास थांबलो. तू आली नाहीस. बरोबर केलंस. तुझ्या जागी मीही आलो नसतो.

परतीच्या गाडीत माझा राग उतरेल असं वाटलं होतं. उतरला नाही. सबनीसांवरचा नाही, कोटवाल्यावरचा नाही, माझ्यावरचा तर मुळीच नाही. एका वर्षाचं काय होतं ते मला समजतं. तुझ्याबरोबरची मुलं परीक्षा देऊन नोकऱ्यांना लागतील आणि तू पुन्हा चिखलात उभी राहून काड्या मोजशील, त्याही अशा मास्तराच्या हाताखाली जो तुझ्यावर डूख धरून राहील. हे मी केलं. माफ कर असं लिहून ते वर्ष परत येत नाही, म्हणून लिहीत नाही.

तुला सप्टेंबरपर्यंत नवं यंत्र लागेल. जुनं दुरुस्त करून द्यायची माझी इच्छा नाही. मी लेथवर बसेन, पण आकृती तू काढायचीस. हात किती लांब, स्प्रिंग कुठली, सांधा कुठून उघडायचा, चिखलात उभं राहून एका हाताने तो धुता येईल का, हे काड्या मोजणाऱ्याला माहीत असतं. ते मला कधीच माहीत नव्हतं. तू लिहिशील त्या मापाने मी कातून देईन. पटलं नाही तर भांडेन, पण पाकिटातून. माप अर्ध्या मिलिमीटरपर्यंत दे. आणि 'हे त्यांना कळेलच' म्हणून एकही जागा कोरी सोडू नकोस. मला काही कळत नाही असं धरून लिही.